सामान परत कुठून येतं?

"ताई, तुमी पुण्यातनं सामान परत कुठनं कुठनं आणता?"

सुभेदारांच्या बायकोनं हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या साताऱ्यातल्या भाड्याच्या घरी स्वयंपाकघरातले डबे मोजत होते. मला प्रश्नच कळला नाही. गिऱ्हाईक आम्हाला विचारतं ते काच फुटली तर काय आणि गाडी किती वाजता येणार. परतीच्या सामानाची चौकशी कुणी करत नाही.

मी पॅकर्स अँड मूव्हर्स कंपनीत सर्व्हे करते. सर्व्हे म्हणजे गाडी पाठवायच्या आधी घरी जाऊन सामान बघायचं, यादी करायची, गाडी केवढी लागेल ते ठरवायचं. आमची ऑफिसं दोन, एक सांगलीला आणि एक साताऱ्याला. या कामाला बाई का ठेवली, याचं मालकांचं उत्तर ठरलेलं आहे. "बायकांच्या कपाटात बाप्या डोकावला तर घरचे चा बी देत न्हाईत." मी मूळची इस्लामपूरची. सोळा वर्षं लोकांच्या कपाटात डोकावून पोट भरतेय.

सुभेदार माण तालुक्यातले, दहिवडीजवळचे. फौजेतून रिटायर होऊन पुण्यात एका कंपनीत सिक्युरिटी ऑफिसर म्हणून लागणार होते. चार दिवस पुण्यात राहून त्यांनी फ्लॅट पक्का केला होता. तोही आमच्याच ओळखीच्या एजंटकडून. जवळच मोठ्या नावाची शाळा, तिथं मुलीला आठवीत प्रवेश मिळणार होता. सोमवारी करार, गुरुवारी गाडी. आज शुक्रवार.

मी मुलीच्या खोलीत गेले. कॉटखाली टेप मारलेला एक खोका होता, वर हिंदीत काहीतरी लिहिलेलं.

"यात काय आहे?" मी मुलीला विचारलं. सायली तिचं नाव.

"माझ्या वस्तू. मागच्या पोस्टिंगच्या."

"साताऱ्यात येऊन दोन वर्षं झाली की. अजून उघडला नाहीस?"

"परत भरायलाच लागतो," ती म्हणाली आणि पुस्तकात बघायला लागली.

तिच्या आईनं, वहिनींनी, मला खुणेनं बाहेर घेतलं. "सातवीपत्तूर पाच शाळा झाल्या तिच्या. पयली लय बडबडी होती. आता कुनाशी ओळखच करत न्हाई. म्हनती, मम्मी, ओळख झाली की आपली ऑर्डर येती. ह्यावेळी दहावी होस्तोवर मला हलायचं न्हाई. म्हनून तुमाला इचारलं. लोकं कुठनं पळून येत्यात ते तुमालाच ठावं असनार."

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, वहिनी, आम्ही फक्त सामान उचलतो. पण ऑफिसला जाईपर्यंत स्कूटरवर माझं डोकं त्याच प्रश्नात होतं. खरं तर मला थोडा रागच आला होता, स्वतःचा. सोळा वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

प्रत्येक गाडीबरोबर बिल्टी जाते. कुठून निघाली, कुठं गेली, कोणत्या तारखेला, एवढं त्या कागदावर असतं. त्याला पॅकिंग लिस्ट जोडलेली, म्हणजे सामानाची यादी. यादीत 'स्टडी टेबल' आणि 'सायकल लहान' असेल तर त्या घरात शाळेतलं मूल आहे. असं घर मे महिन्यात हललं तर ठरवून हललं. ऑक्टोबरात, जानेवारीत हललं तर काहीतरी बिनसलंय. पोराची शाळा अर्ध्या वर्षात कोणी हौसेनं मोडत नाही.

मी मालकांना म्हटलं, मला जुन्या बिल्ट्या बघायच्यात.

"मॅडम, आपुन सामान उचलनारी मानसं. गिऱ्हाईक कुठं ऱ्हायला जातंय ह्यात आपन कशाला पडायचं? आन् त्यो फ्लॅट आपल्याच एजंटनं दिलाय."

"कुणाचं नाव दाखवत नाही. फक्त भाग आणि महिना."

"एजंट भडकला मंजे?"

"माझं नाव सांगा."

"सांगनारच हाय," मालक म्हणाले आणि कपाटाची किल्ली पुढं सरकवली.

शनिवार सगळा त्यात गेला. धुळीनं शिंका येऊन बेजार झाले. संध्याकाळी एक पान तयार झालं. सुभेदारांनी निवडलेल्या भागातून स्टडी टेबलं वर्षाच्या मधेच निघत होती, दरवर्षी. त्यांतली काही सांगलीला परत आली होती आणि काही पुण्यातच नदीपलीकडच्या एका जुन्या भागात गेली होती. त्या जुन्या भागातून मात्र मधल्या महिन्यांत एकही गाडी निघालेली नव्हती. निघाली ती मे-जूनमध्ये, आणि यादीत तेव्हा सायकल मोठी झालेली, म्हणजे पोरं तिथंच वाढून निघालेली. भागांची नावं इथं लिहीत नाही. दोन्हीकडचे एजंट आजही आमची गिऱ्हाइकं आहेत.

रविवारी पान घेऊन मी वहिनींकडं गेले. पहिल्यांदा सांगून टाकलं, की ही यादी खोटं बोलू शकते. कुणाची नोकरी जाते, कुणाचं आजारपण निघतं.

"व्हय की," वहिनी म्हणाल्या. "मग जे निघालं त्यांनाच इचारू."

हेही मला सुचलं नव्हतं. एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन केला, सांगलीच्याच बाई, सुभेदारांनी निवडलेल्या भागातून दिवाळीच्या सुट्टीत नदीपलीकडं गेलेल्या. मुलगी त्याच मोठ्या नावाच्या शाळेत होती. त्यांची परवानगी घेतली आणि फोन स्पीकरवर टाकला.

"शाळा चांगली आहे हो," त्या म्हणाल्या. "शिकवतातही छान. पण तिथं सगळेच भाड्यानं राहणारे. कंपनी बदलली की माणसं बदलतात. माझ्या मुलीच्या वर्गात पाचवीला असलेल्या मैत्रिणींपैकी सातवीला एक उरली, तीही दुसऱ्या तुकडीत."

"पण वर्षाच्या मधेच का निघालात?" वहिनींनी विचारलं.

"मुलगी डबा तसाच परत आणायला लागली. शेजारी बसून खायला कोणी नाही म्हणायची."

मी फोन ठेवला. वहिनी म्हणाल्या, "मंजी आमी न्हाई हललो तरी बाकीची हलनार. पोर परत एकटीच."

सुभेदार आतून सगळं ऐकत होते. ते बाहेर आले. "निकाल बघितलाय मी त्या शाळेचा. पहिल्या नंबरात असतीय."

"निकाल काय तिच्या शेजारी बसून डबा खानार हाय?"

सुभेदारांनी माझ्या हातातलं पान घेतलं. उभ्या उभ्या दोनदा वाचलं. मला वाटलं, आता माझी हजेरी घेणार.

"ही रेकी कुणी केली?"

"ताईंनी," वहिनी म्हणाल्या.

"रेकीचा रिपोर्ट उलटा आला तर मूव्ह बदलतात. एजंटला मी फोन करतो." एवढंच बोलून ते बूट घालायला लागले.

सोमवारी करार झाला नाही. नवराबायको नदीपलीकडं गेले. तिथली शाळा सेमी-इंग्लिश, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत. इमारत जुनी, मैदानात नुसती माती. तिथं वहिनींनी काय केलं ते त्यांनी मला संध्याकाळी फोनवर सांगितलं. जिन्याच्या भिंतीवर दरवर्षीचे वर्गाचे फोटो लावले होते. त्यांनी एका वर्गाचा पाचवीतला फोटो बघितला आणि त्याच वर्गाचा दहावीतला. मग चेहरे जुळवत बसल्या. शिपाईमामांना वाटलं बाई वाट चुकल्यात.

"ताई, दोन-चार सोडलं तर सगळी तीच पोरं हायत. नुसती उंच झाल्यात."

एम.बी.ए. झालेली गिऱ्हाइकं बघितलीत मी, लॅपटॉपवर तक्ते करणारी. शाळा बघायची ही रीत त्यांतल्या एकालाही सुचली नव्हती. वहिनी स्वतः बारावी नापास. त्या बाईला मी मनातल्या मनात कडक सॅल्यूट ठोकला.

गुरुवारची गाडी रविवारी गेली, दुसऱ्या पत्त्यावर. एजंट भडकला. चार महिने त्यानं आम्हाला एक गाडी दिली नाही. मालकांनी माझं नाव सांगितलंच, आणि मलाही रोज ऐकवलं. पुढच्या वर्षी मालकांच्या मोठ्या मुलाची बदली पुण्याला झाली. नातू तिसरीत. मालक माझ्या टेबलाशी घुटमळले.

"मॅडम, ते पान हाय का वं अजून?"

मी खणातून काढून दिलं.

वहिनींचा पुन्हा फोन आला तो दोन वर्षांनी, सायली दहावीत गेल्यावर, जूनमध्ये. मी आधी तेच विचारलं.

"हलताय?"

"घरमालकाचं पोरगं लगीन करतंय, त्येला घर पायजे. आमी दोन गल्ल्या पल्याड चाललोय. शाळा तीच. रविवारी पुण्याला तुमची गाडी असली तर धाडा."

गाडी होती. लहान टेम्पो आणि चार माणसं दिली. त्यांनी दुपारी एकलाच मला फोन केला. मी घाबरून विचारलं, काय मोडलं?

"काय न्हाई मोडलं, म्याडम. आमाला उचलायलाच काय ठेवलं न्हाई," आमचा मुकादम म्हणाला. "पोरीचा अख्खा वर्ग आलाय. हातोहात सगळं न्हेलं. एक फ्रीज आन् दोन कपाटं तेवढी आमी उचलली. पोरी नुसत्या दंगा करत्यात आन् आपली सायली सगळ्यांवर वराडतीय, ह्ये हितं ठेव, त्ये तितं ठेव. आमी पोहे खाऊन बसलोय."

नवीन शहरात घर बघताना लोक शाळेचा निकाल विचारतात, फी विचारतात, बस विचारतात. तिथून कोण, कोणत्या महिन्यात निघून गेलं, हेही एकदा विचारून घ्यावं. सामान उचलणाऱ्यांना ते माहीत असतं. आम्हाला आजवर एकाच बाईनं विचारलं.