बाहेरचं सारण

मी गावाहून निघाले त्या दिवशी रिक्षा अंगणात उभी होती. जाऊ सुलू म्हणाली, “वैनी, नाही करमलं तर परत या हां.” रिक्षा वळायच्या आत तिने माझ्या खोलीत भाताची पोती ओढायला घेतली होती. मी मागे वळून पाहिलं म्हणून कळलं. सुलू, हे तू वाचशील. वाईट वाटू दे.

नवरा गेल्यावर एकटी कशी राहणार, म्हणून मुलाने मला मीरा रोडला, शांती नगरात आणलं. सून मनीषा आणि मजल्यावरच्या तिघी मिळून उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतात. त्याला त्या ‘टीम’ म्हणतात. माझा हात चालतो म्हणून मलाही घेतलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मोदकांना कळ्या पाडताना कुणी चिडवायचं, कुणी न मागता चहा द्यायचं. पोरांमागे इकडे आलेल्या बायांनो, ह्याची किंमत तुम्हालाच ठाऊक.

पहिल्याच दिवशी मनीषाने दोन पातेली दाखवली. “आई, हे घरचं, ते बाहेरचं.” एकात ताज्या नारळाचं सारण, दुसऱ्यात फ्रिजमधलं उरलेलं. आमच्या गावात बाहेरचा म्हणजे पाहुणा. त्याला आधी वाढायचं, चांगलं वाढायचं. मी ताजं सगळं ऑर्डरीत भरलं आणि उरलेलं घरच्यांना ठेवलं. सगळ्या पोट धरून हसल्या. शेजारची गुजराती हंसाबेन मला बा, म्हणजे आई, म्हणते. ती म्हणाली, “बा तो उलटा धंधा करेगी!” मीही हसले. मग कळलं, इथे बाहेरचं म्हणजे विकायचं.

आई म्हणायची, “दुसऱ्याच्या पानात शिळं वाढणारीचे हात झडतात.” मनीषाला सांगितलं. ती म्हणाली, “फ्रिजमधलं शिळं नसतं, आई.”

संकष्टीला एक बाई ऑर्डर न्यायला आली. दार मी उघडलं.

“काकी, आजचेच ना? लहान पोरं खाणार आहेत.”

“मोदक आजचे. सारण परवाचं.”

तिने डबा तिथेच ठेवला आणि गेली.

मग बैठक बसली. चौघी सोफ्यावर, मी स्टुलावर. मनीषा म्हणाली, “टीममध्ये राहायचं तर टीमचं ते आपलं मानायचं. कुणी विचारलं तर आजचंच म्हणायचं. जमत नसेल तर कळ्या पाडायला बसू नका.” मुलगा मोबाइलवरून डोकं न उचलता म्हणाला, “अॅडजस्ट कर ना, आई.”

“तसं नाही म्हणणार,” मी म्हटलं.

“तो बा अपना मंदिर खोल लो,” हंसाबेन म्हणाली. सगळ्या हसल्या. ह्या खेपेला मी हसले नाही.

आता मला कुणी बोलवत नाही. जिन्यात भेटल्या की आपसात हिंदीत बोलत पुढे जातात. गावाहून फोन येतो, करमतं का? नाही करमत. पण तिकडे तरी आता कुणाच्या चुलीपाशी बसू?

घर म्हणजे आता ही आतली खोली. बेल वाजली की मनीषा म्हणते, “आई, आत जा.” मी जाते, दार ओढून घेते. बाहेर कुणीतरी विचारतं, आजचेच ना? सून हो म्हणते. भिंती पातळ आहेत. सगळं ऐकू येतं.