मंगळवारची पाळी

बायकोने सुरू केलेली मंगळवारची बैठक मोडू द्यायची नाही, एवढं मी तिच्या दफनाच्या दिवशीच ठरवलं होतं.

आम्ही प्रोटेस्टंट, शेजारच्या निवृत्त नर्सबाई कॅथलिक. नाताळात करंज्यांचं ताट एकमेकांकडे जायचं, त्यापलीकडे एकमेकांच्या श्रद्धेविषयी काही ठाऊक नव्हतं. बायकोला ते खटकायचं. तिने दोन्हीकडची सातआठ माणसं जमवली. पाळीपाळीने एकेकाच्या घरी बायबलमधला एक अध्याय वाचायचा, आपल्या चर्चमध्ये तो कसा शिकवतात ते सांगायचं, दुसऱ्याचं खोडायचं नाही. ज्याचं घर त्याने प्रार्थनेने सुरुवात करायची.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी पाळी आमच्या घरावर आली. आमच्याकडे प्रार्थना तीच करायची. आमच्या चर्चमध्ये प्रार्थना पुस्तकातून वाचत नाहीत, आपल्या शब्दांत करतात. शाळेत इतकी वर्षं भाषा शिकवूनही मला ते कधी जमलं नाही. आणि त्या दिवसांत देवापुढे बसलो की मनात जे यायचं, ते चारचौघांत म्हणण्यासारखं नव्हतं.

आमच्या चर्चचा कारभार पाहणारे एक वडीलजन पेठ वडगावहून मोटरसायकलवर बैठकीला येत. त्यांनी फोन करून सुचवलं की जमत नसेल तर थोडे दिवस बंद ठेवू. त्यात काळजीच होती. पण थोडे दिवस म्हणजे कायमचं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी नको म्हणालो आणि शेजारी गेलो.

नर्सबाईंनी मला धीर वगैरे दिला नाही. प्रार्थनापुस्तक काढून एक पान दाखवलं.

"दुःखात तोंड बंद पडतं, सर. म्हणून तर आधीच लिहून ठेवलंय."

मी ते वहीत उतरवून घेतलं.

मंगळवारी सगळे बसल्यावर वही उघडली, तशी वडीलजनांनी मान वर केली.

"सर, बघून प्रार्थना? भाषण हाय व्हय हे?"

"मला दुसरी येत नाही. हीच वाचणार."

वाचायला लागलो आणि चौथ्या ओळीवर आवाज गेला. कॅथलिक मंडळींना ती पाठ होती. त्यांनी पुढची ओळ उचलली, आणि त्यांच्या आवाजामागोमाग मी शेवटापर्यंत गेलो.

अध्याय झाला, चहा आणि भडंग झालं. मग वडीलजन नर्सबाईंकडे वळले.

"आता शेवटची प्रार्थना तुमची. पुस्तक न्हाय, काय न्हाय. आम्ही तुमचं ऐकलं की."

ऑपरेशन थिएटरमध्येसुद्धा कधी एवढी घाबरले नव्हते, असं पुटपुटत नर्सबाईंनी डोळे मिटले. तीनच वाक्यं बोलल्या, अडखळत. तिसरं माझ्या बायकोच्या आत्म्याच्या शांतीसाठी होतं. आमच्यात मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. मी वडीलजनांकडे पाहिलं. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर ते आमेन म्हणाले.

चपला घालताना मला म्हणाले, "पुढचा मंगळवार वडगावला, माझ्याकडं. आणि ते मेलेल्यांसाठी मागायचं काय असतंय, त्यावर बोलायचं हाय मला. मला पटल्यालं न्हाय."

"बोलू," मी म्हणालो, आणि वडगावच्या गाडीची वेळ विचारून घेतली.