सिस्टरांच्या गाडीची सीट

सीटवाली ताई मुळात सीटवाली नव्हतीच. ती कपडे शिवायची. लग्न मोडलं आणि शिलाई मशीन तेवढं घेऊन ती माहेरी आली, तेव्हा धाकट्या भावाने गॅरेजची मागची खोली तिला झाडून दिली. भाऊ जुन्या मोटरसायकलींचा मिस्त्री. एक दिवस त्याने एक फाटकी सीट तिच्यापुढे आणून आदळली आणि म्हणाला, "ताई, बाहीला पायपिंग लावतेस ना? मग हिलाही लावून बघ."

तिने लावून बघितलं. त्यानंतर कपडे सुटले ते सुटलेच.

नवं कव्हर शिवणारे गल्लोगल्ली मिळतात. ताईचं नाव झालं ते जुनंच कव्हर जगवण्यासाठी. जुनं रेक्झिन वयाबरोबर आटतं, कडक होतं, वाळल्या पानासारखं कडकड वाजतं. जोर लावला की संपलं. ताई ते आधी उन्हात ठेवायची, कोमट झालं की आतून पातळ सुती कापड चिकटवायची, भेगा भरायची, रंग जुळवायची. हे सगळं करताना ती त्या कव्हरशी बोलायची. "हां, चल, थोडं सरक. शहाणं आहेस की नाही?" भाऊ बाहेरून ओरडायचा, "गिऱ्हाईक आलंय की तुझं लेकरू?"

तर त्या उन्हाळ्यात सिस्टर आल्या. आसपासच्या अर्ध्या लोकांना त्यांनीच जगात आणलेलं. तरुणपणी त्या मोटरसायकलवरून बाळंतपणं करत फिरायच्या. बाई मोटरसायकल चालवते म्हणून लोक आधी तोंडात बोटं घालायचे आणि कळा सुरू झाल्या की त्याच मोटरसायकलची वाट बघत दारात उभे राहायचे. आता सिस्टर थकल्या होत्या. गाडी भाचीला द्यायची ठरली होती. भाचीही नर्सच.

"गाडी देईन," सिस्टर म्हणाल्या, "पण त्याआधी एक फेरी मी मारणार. आणि कव्हर हेच हवं."

"नवं अगदी असंच शिवून देते, सिस्टर. कुणाला कळायचंही नाही."

"मला कळेल ना."

भाऊ सिस्टरांच्या पाठीमागून मान हलवून नाही म्हण, नाही म्हण असं खुणावत होता. ताई हो म्हणून बसली. नाही म्हणणं तिला कधी जमलंच नव्हतं. जमलं असतं तर ते लग्नही झालं नसतं, असं ती स्वतःच हसत सांगायची.

काम सुरू झालं. सीटखालच्या पत्र्याच्या कडेने कव्हर धरून ठेवणारे दुमडलेले दात एकेक करून उघडले, कव्हर सोडवलं. आतला फोम हात लावताच भुगा होऊन पडला. कव्हर मात्र तिने डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. ऊन द्यायचं, सावलीत न्यायचं, कापड लावायचं, वाट बघायची. मागच्या पट्टीवरची उठावाची नक्षीसुद्धा शाबूत राहिली. आता फक्त नव्या फोमवर चढवायचं बाकी होतं.

फोम भावाने आणला होता. चांगला जाड. "सिस्टरांचं वय बघ जरा, मऊ नको का बसायला?"

ताईने कव्हर कोमट करून मागून चढवत आणलं. बाजू बसल्या. पुढचं टोक तेवढं राहिलं. तिने अंगठ्याने अगदी हलकं ओढलं आणि कट्‌ असा आवाज झाला.

टोकापासून बोटभर लांब चीर गेली होती. ताईने हात जागच्या जागी धरून ठेवले. जणू सोडले नाहीत तर झालेलं न झाल्यासारखं होईल. भाऊ आत आला, बघितलं आणि तसाच बाहेर गेला. तेवढ्यात बाहेरून त्याचा आवाज आला. नको तेवढा मोठा.

"या या, सिस्टर! आज कशा काय इकडे?"

लपवायचं म्हटलं तर सीटवर फडकं टाकता आलं असतं. ताईच्या मनात ते आलंही. पण सिस्टर दारात उभ्या राहिल्या आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं, "सिस्टर, फाटलं हो माझ्या हातून."

सिस्टरांनी चष्मा लावला. वाकल्या. चिरेवरून बोट फिरवलं. बाहेर भाऊ पाना हातात घेऊन उगीचच एका इंजिनाच्या आड बसला होता.

"सुई लावू नकोस," सिस्टर म्हणाल्या.

"नाही लावत. भोकं पडतील, आणखी फाटेल."

"म्हाताऱ्या माणसांची कातडी अशीच होते. कागदासारखी. टाका घातला की टाकाच कातडी कापतो. आम्ही कडा जवळ आणून वरून चिकटपट्टी लावायचो. पण एक सांगू? कडा ओढून आणायच्या नसतात. आतली सूज आधी उतरू द्यायची."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग सीटकडे बघितलं. मग बाहेर बघून ओरडली, "अरे ए! तुझ्या त्या फोमला सूज आलीये!"

कव्हर आटलेलं, फोम फुगलेला, आणि ती आपली कव्हरलाच ताण देत बसली होती. तिने कव्हर उतरवलं आणि फोम चाकूने तासायला घेतला. सिस्टर तिथेच स्टुलावर बसून, "बस, बस, आता जास्त नको," म्हणत राहिल्या. भाऊ लाजून झाडू घेऊन आला. फोमचा चुरा गोळा करत तो पुटपुटला, "मऊ हवं म्हणून आणला होता मी."

"माहितीये रे," ताई म्हणाली.

चिरेच्या आतून कापडाची पट्टी लावली, वरून भेग भरली, वाळू दिली. या वेळी कव्हर चढवताना ताई एक शब्दही बोलली नाही. टोक खाली आलं. पत्र्याचे दात एकेक करून दाबत गेली. कडेचा शेवटचा दात बसला तरी काही वाजलं नाही.

फेरीच्या दिवशी सकाळी भाची आली. सिस्टरांनी पदर खोचला, गाडीवर पाय टाकला आणि सावकाश बसल्या. ताईने डोळे मिटून घेतले होते. कान मात्र टवकारलेले. फोम दबल्याचा मऊ श्वास आला, बस. तिने डोळे उघडले. कव्हर सिस्टरांच्या खाली दबलं होतं, आणि कुठेही फाटलं नव्हतं.

गाडी सुरू झाली. भाची मागे बसली, सिस्टर पुढे, आणि भाऊ काळजीपोटी कोपऱ्यापर्यंत मागून धावत गेला. सिस्टरांनी वळून त्याला दटावलं, "अरे, रस्त्यातून बाजूला हो!"

ताईचा जीव भांड्यात पडला. ती पायरीवर मटकन बसली आणि तिला हसू यायला लागलं, ते थांबेचना. धापा टाकत परतलेला भाऊ शेजारी येऊन टेकला.

"काय झालं हसायला?"

"काही नाही. भूक लागलीये मला," ती म्हणाली. "सकाळपासून पोटात काही गेलंच नव्हतं बघ."

भावाने स्वतःचा डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. समोरच्या रस्त्याने सिस्टर दुसऱ्यांदा गेल्या. एकच फेरी मारणार होत्या त्या.