तारेची घरटी आणि टपाल कचेरीसमोरची फळी

भावजी, तुमची बावीस घरटी माझ्या माळ्यावर आहेत आणि ती टाकून द्या म्हणणाऱ्याला मी पुन्हा चहा विचारत नाही. हे आधीच सांगून टाकते.

वीज कार्यालयात तुमचं एक ठरलेलं काम होतं. खांबावरचं कावळ्याचं घरटं तारांना टेकलं की दिवे जातात, म्हणून ते उतरवायचं. बाकीचे वायरमन खाली फेकून मोकळे व्हायचे. तुम्ही दरवर्षी एक रिकामं घरटं घरी आणायचात, वर्षाची चिठ्ठी बांधून. मी तुमची थोरली वहिनी, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, तरी म्हटलं, "हा कचरा माझ्या स्वयंपाकघरात नको!"

"वहिनी, तुमच्या पुस्तकातला कावळा अजून काड्याच गोळा करतोय वाटतं!"

असली चिडले मी! मग तुम्ही एकदा सगळी ओळीनं मांडलीत आणि मी चष्मा लावून खाली बसले. पहिली निव्वळ काड्यांची. रस्ता रुंद होत गेला, झाडं गेली, तशी काड्यांत तार शिरली. शेवटची तर बाहेरून नुसती तार, कपड्यांच्या हँगरचे आकडे खांबाच्या लोखंडी पट्टीत अडकवलेले, आत पिल्लांसाठी उशीतला कापूस.

"खांबाला फांदी नसते, म्हणून आकडा," तुम्ही म्हणालात. तीस वर्षं शिकवून मला हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

निवृत्तीच्या वर्षी तुम्ही कावळ्यांना घरटी बांधायला स्वतः रंधा मारून सहा फळ्या केल्यात आणि तारांपासून लांब, खांबांवर बसवल्यात. साहेब म्हणाले, "यंदा एक तरी घरटं होऊ दे. नाहीतर सगळ्या उतरवायच्या."

मीही टोमणा मारलाच, "कावळे काय तुमचं ऐकणार आहेत?"

"ऐकत नाहीत. बघतात."

मग तुम्ही दवाखान्यात पडलात. रोज सकाळी फोन. "टपाल कचेरीसमोरची फळी बघितलीत?"

"बघितली. काही नाही."

पाच फळ्या कोऱ्याच राहिल्या. सहाव्या, टपाल कचेरीसमोरच्या फळीवर एका सकाळी वाकडा हँगर दिसला. आठवड्यात घरटं उभं! मी फोनवर ओरडलेच. तुम्ही खोकत खोकत हसलात.

"पिल्लं उडाली की तेविसावं आपण आणू. मी शिडी धरतो, तुम्ही चढा."

"या वयात? पडून मेले म्हणजे?"

"मग चिठ्ठी मी लिहीन."

पिल्लं उडायच्या आधी तुम्हीच गेलात. फळ्या साहेबांनी राहू दिल्या, पुढं पिल्लंही उडाली. चिठ्ठी मी लिहिली, दोराही ओवून ठेवलाय. शिडी मागायला मात्र काही गेले नाही.