तीर्थातला कापूर

डॉक्टरांनी “कंपवाताची सुरुवात दिसते” म्हणून कायमची गोळी लिहून दिली, ती माझ्या मनाला काही पटली नाही. तपासण्या तर सगळ्या चांगल्या आल्या होत्या. मी चौथी शिकलेला माणूस, पण इथे तमिळ मुलखात, लष्करी कारखान्यात उभा जन्म गेला. मशीन का थरथरतं ते कळल्याशिवाय मी कधी त्याला हात लावला नाही. इथे मात्र माझेच हात थरथरत होते, डोकं गरगरत होतं, तोंडात जळजळ आणि मळमळ. गोळी घेतली की झोप येई, कंप काही जाईना. सून मायेनंच म्हणाली, “बाबा, उद्यापासून आरती मी करते. निरांजन सांडलं म्हणजे?” आजारापेक्षा ते जास्त लागलं. आयुष्यभर देवाची आरती माझ्याच हातानं झालेली.

शनिवारी हट्टानं एकटाच आमच्या वेस्ट मांबलममधल्या पेरुमाळच्या देवळात गेलो. पेरुमाळ म्हणजे आपला विष्णूच. मनात म्हटलं, “हात काढून घेणार असशील तर तूच सांग, डॉक्टराकडून निरोप नको.” पुजाऱ्यांनी तीर्थ दिलं, तर ओंजळ इतकी हलली की सगळं सांडलं. इतक्यात शेजारी उभ्या एका मामींनी, इथे प्रौढ बाईला मामीच म्हणतात, माझ्या हाताखाली आपला हात धरला आणि पुन्हा तीर्थ मागून घेतलं. मला लाज वाटली. आब राखायला मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये म्हणालो, “घरीही मी रोज अस्संच तीर्थ करतो. तुळस, वेलची, कापूर.”

“कापूर कुठला?”

देवाला आणलेली पुडी मी दिमाखात पुढे केली. “हाच की!”

“अय्यय्यो, तात्ता!” मला आजोबा म्हणत मामी ओरडल्याच. “हा जाळायचा! तीर्थात पच्चै कर्पूर घालतात, खायचा, तोसुद्धा कणभर. हे विष पिताय तुम्ही!”

आमच्याकडे कापूर म्हणजे आरतीचा, दुसरा असतो हेच मला ठाऊक नव्हतं. इथल्या तीर्थाचा सुवास आवडला म्हणून घरी करू लागलो, आणि भक्ती वाढली तशी वडीही वाढवत गेलो. डॉक्टरांनी विचारलं होतं, “आणखी काही खाता-पिता का?” मी ठणकावून “नाही” म्हटलं होतं. तीर्थ काय खाण्यापिण्यात मोडतं?

पुडी घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कपाळाला हात लावला, मग हसले. “आजोबा, हे आधी सांगायचं! हा आजच बंद. गोळी मात्र मनानं सोडू नका, मी कमी करत नेतो.” हळूहळू गोळी सुटली, कंपही गेला.

त्या मामी पुन्हा दिसल्या नाहीत. कोण होत्या, याचा मी खल करत नाही. तीर्थ सांडलं नसतं, मी बढाई मारली नसती, तर कळलं असतं का? माझ्या अहंकारालाही देवानं कामाला लावलं. आता साध्या पाण्यात तुळशीचं पान घालतो, आरती मीच करतो. देवळात मात्र हात स्थिर असला तरी ओंजळ धरताना वाटतं, खालून कुणीतरी धरलं आहे.