झिऱ्याच्या वरचा चर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. पाड्याच्या झिऱ्यात शेणाचं पाणी गेलं ते आमच्या गोठ्यातून. तो चर मी खणला होता.

आमचा म्हशींचा गोठा भिवंडीहून वज्रेश्वरीला जाताना लागतो. गोठा धुतलेलं पाणी वडील कधी वाया जाऊ देत नसत. ते खड्ड्यात साचायचं, गाळ बसला की वरचं पाणी पाटाने गवताला. गडी नळी चालू ठेवून चहाला गेला, तर स्वतः उठून बंद करत आणि दिवसभर त्याच्याशी बोलत नसत.

मग गवताची निम्मी जमीन मी गोदामाला दिली. उरलेल्या गवताला तेवढं पाणी झेपेना, खड्डा भरून वाहू लागला. वडिलांचे गुडघे गेलेले, मागच्या अंगाला ते फिरकत नव्हते. मी एका दुपारी खड्ड्यापासून ओहोळापर्यंत चर काढला. पावसाळ्यापुरता, असं मनाशी म्हटलं. पावसाळा गेला, चर राहिला.

ओहोळाच्या खाली, दगड रचून केलेल्या खड्ड्यात पाणी झिरपतं. तोच झिरा. आदिवासी पाडा तेच पाणी प्यायचा. दरवर्षी शिमगा झाला की तो उपसायला वडीलही जात.

एके सकाळी पाड्यावरच्या दोघी आल्या. थोरलीने आमचं गवत वर्षानुवर्षं कापलेलं.

"भाऊ, झिऱ्याला वास मारतंय. तुमच्या गोठ्याचं पानी तर येत न्हाय ना?"

वडील ओट्यावरून हसले. "आमचं पानी गवत सोडून कुठं जाईल? तूच कापतेस ना गवत?"

"कापते ना. तुमच्या म्हशी न्हातात तेवढं पानी आमाला पियाला न्हाय, म्हनून इचारलं."

"गोदामवाल्यांनी काय सोडलं असंल," दुसरी म्हणाली.

"तेच असंल. आमचं न्हाय, मी सांगतो ना."

मी चार हातांवर दुधाचे कॅन धूत होतो. धूतच राहिलो.

त्यांनी वडिलांचा शब्द मानला. तेव्हापासून पाड्यावरच्या बाया गोदामाकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या वाटेतून हंडे घेऊन रस्त्याच्या नळावर जातात. वडील गेले ते आपण खरं बोललो याच समजुतीत.

ते गेल्यावर मी चर बुजवला. म्हशी कमी केल्या. शेण आधी खरवडून काढतो, मगच नळी लावतो. नव्या गोठ्यासाठी राखलेल्या जागेत गवत लावलं. झिरा उपसला, पाणी ठाण्याला तपासून आणलं. चांगलं निघालं. पण पाड्यावर कुणी ते पीत नाही.

परवा थोरली झिऱ्याजवळ भेटली. म्हटलं, "पाणी आता चांगलं आहे."

"त्यात गोदामाचं केमिकल हाय, दादा. तुमचं न्हाय असं भाऊ बोलले होते. मग दुसरं काय असंल?"

मी तिच्यासमोर ओंजळभर प्यायलो. ती हसली. "तुमी प्या. तुमाला डाक्टर जवळ हाय."

तेव्हाही मी बोललो नाही. केमिकल कधी नव्हतंच, हे कळल्याशिवाय पाड्यावरच्या बाया झिऱ्यावर यायच्या नाहीत, आणि ते सांगू शकणारा मी एकटाच उरलोय. वडिलांना माहीत नव्हतं, चर माझा होता, हे पाड्यावर जाऊन सगळ्यांसमोर सांगायचं आहे. तेवढं मी पाड्याचं देणं लागतो. अजून गेलेलो नाही.