तंबाखूवाल्या साहेबांचं स्थळ

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतल्या विहारात दर रविवारी संध्याकाळी एकाने उभं राहून कुणाचं तरी आयुष्य सांगायचं, असा रिवाज आहे. माणूस जगातला कुठलाही चालतो. परभणीकडून मी इथे कामाला आले तेव्हा नुसती दाराशी, चपलांजवळ बसून ऐकायचे. सिन्नरच्या कारखान्यात पॅकिंगचं काम, तिथल्याच दोघी मुलींबरोबर भाड्याची एक खोली, आणि सातवीत सुटलेली शाळा. दहावीला बाहेरून बसायचं मनात होतं, पण फॉर्म कुणाकडे मागायचा हेही ठाऊक नव्हतं.

हा कार्यक्रम चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. एकदा धीर करून त्यांना दहावीचं विचारलं, तर म्हणाल्या, "आधी एक आयुष्य सांगून दाखव. चार माणसांत तोंड उघडलंस, की फॉर्मचं मी बघते." आणि कपाटातून एका माणसाच्या चरित्राचं पुस्तक काढून दिलं. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाचे एक बडे जमीनदार, पुढे त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले. "यांचीही शाळा लवकरच सुटली होती," बाई म्हणाल्या.

कंपनीच्या बसमध्ये येताजाता मी ते वाचलं. वडील लवकर गेले. सावत्र भाऊ समुद्रापलीकडे शिकून आले होते, यांना कुणी धाडलं नाही. मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली. पण सांगायचं कसं? आमच्याकडे कुणाचं आयुष्य चारचौघांत सांगतात ते सोयरीक जमवतानाच. ते ऐकतच मी वाढले. म्हटलं, तसंच सांगावं.

रविवारी उभी राहिले. ओढणीचं टोक मुठीत. "घराणं चांगलं आहे," मी सुरुवात केली. "पणजोबा विलायतेहून आलेले. जमीन भरपूर, नदीकाठची, तंबाखूची. वडील नाहीत. आई आहे, जरा कडक आहे. मुलगा उंचापुरा, घोडा चांगला चालवतो. जमीन मोजायचं काम शिकलेला..."

"फोटो आणलास का गं मुलाचा?" मागून एक मावशी म्हणाली. सगळे हसले.

"लग्न झालंय त्यांचं," मी घाबरून म्हणाले. "विधवा बाईशी केलं. तिला दोन लेकरं होती."

"हे बरं केलं. आणि तिची जमीन?"

"तीपण लय होती."

"मग करणारच की!"

त्या हसण्यात माझी भीती कुठे गेली कळलंच नाही. लढाई, स्वातंत्र्य, पुढारीपण, सगळं धडाधड सांगितलं. टाळ्या पडल्या. मी बसणार, तेवढ्यात पुढे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "पोरी, एवढी जमीन कसायचं कोण? सैपाक कोण करायचं?"

त्याबद्दलची पानं मी वाचली होती, पण मुद्दाम सोडली होती. स्थळ सांगताना घरातलं वंगाळ कुणी सांगत नाही. बाईंकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली, सांग म्हणून.

"गुलाम होते," मी म्हणाले. "विकत घेतलेली माणसं. काही वडिलांकडून वाट्याला आलेली, काही बायकोबरोबर आलेली. शेत तेच करायचे, सैपाक तेच. साहेबांचे पणजोबा पुस्तकात आहेत. या लोकांचे आईबापसुद्धा त्यात नाहीत." मुठीतली ओढणी मी सोडून दिली. "साहेबांनी देश मोकळा केला. आपल्या गुलामांना सोडा, हे मात्र मरायच्या वेळी लिहून ठेवलं. माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. पण दिवस मावळला की ती घरी येते."

मग आजी म्हणाल्या, "असल्या घरात आपण मुलगी नाही देणार."

या वेळी कुणी हसलं नाही.

बाहेर चपला घालताना बाई जवळ आल्या. "शाळेचा दाखला कुठंय तुझा? फॉर्मला लागेल."

"गावाकडं, बाई."

"मग लाव आईला फोन. आत्ता, माझ्यासमोर."

दहावी अजून व्हायचीय. गणिताचं पुस्तक उघडलं की घाम फुटतो. पण घरापासून एवढ्या लांब, माझ्या दाखल्यासाठी कुणीतरी अंधारात शेजारी उभं राहिलं, हे मी विसरणार नाही.

त्या संध्याकाळी आईने फोन उचलला. "दाखला? आता कशाला गं? स्थळ आलंय का काय?"

"आलं होतं," मी म्हणाले. "आम्ही नाही म्हणून सांगितलं."